हिंदुकुशच्या पायथ्याशी (भाग ६) : दरी आणि रस्ता

मागचा भाग २७ डिसेंबर १९७९ च्या रात्रीवर थांबला होता. ताजबेग राजवाड्यात हफिजुल्लाह अमीन मारला गेला, बाबराक कारमालला सत्तेवर बसवण्यात आलं आणि सोविएत फौजांचे तांडे अमूदर्या ओलांडून काबूलकडे निघाले. त्यातला मोठा भाग ज्या रस्त्यानं आला, तो रस्ता आजच्या भागातलं मुख्य पात्र आहे. माणसं त्याच्या मागून येतील.

नकाशा असेल तर समोर घ्या. वर तेरमेझ, म्हणजे तेव्हाच्या सोविएत संघाचं शेवटचं टोक. नदी ओलांडली की अफगाणिस्तानातलं हैरतान बंदर. तिथून सपाटीवरनं दक्षिणेला आलं की हिंदुकुशची भिंत आडवी येते. या भिंतीला भोक पाडलं तेही सोविएत अभियंत्यांनीच. सालंगचा बोगदा १९६४ मध्ये खुला झाला. लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून ३,३०० मीटरच्या वर. मैत्रीची भेट म्हणून बांधलेला हा बोगदा पंधरा वर्षांत रणगाड्यांच्या कामी आला. बोगद्यातून खाली उतरलं की जबल-उस-सिराज, मग चारिकार, एका अंगाला बगरामचा विमानतळ आणि शेवटी काबूल. राजधानीतल्या सरकारला आणि फौजेला लागणारं डिझेल, पीठ, दारूगोळा बहुतांशी याच वाटेनं येई.

आता जबल-उस-सिराजच्या थोडं पूर्वेला बोट ठेवा. गुलबहार नावाचं गाव आहे. तिथं डोंगरातून एक नदी बाहेर पडते आणि तिच्यामागं सुमारे शंभर किलोमीटर लांबीची एक चिंचोळी दरी ईशान्येकडे चढत जाते. तीच पंजशीर. अनाबा, रुखा, बाजारक, खेंज अशी एकामागून एक गावं, तुतीची आणि अक्रोडाची झाडं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं. रशियनांना या दरीत हवं असं फारसं काही नव्हतं. तिचा गुन्हा एवढाच, की तिचं तोंड सालंगच्या रस्त्याजवळ उघडत होतं. घराच्या दारात उभं राहून हमरस्त्यावरची ये-जा मोजावी, तशी ही दरी त्या रस्त्याकडे बघत होती.

दरीतल्या माणसांना काय म्हणायचं, यावरूनही एक लढाई चालली होती. ते स्वतःला मुजाहिद म्हणवत. काबूलच्या रेडिओवर त्यांचा उल्लेख ‘अश्रार’, म्हणजे गुंड-पुंड, असा होई. रशियन शिपायांनी स्थानिकांकडून ‘दुश्मन’ हा शब्द उचलला. आपल्याला तो सांगायला नको. पुढं त्यांच्या तोंडी त्याचं ‘दुखी’ झालं, आणि रशियन भाषेत त्याचा अर्थ होतो भुतं. दिसत नाहीत, पण गोळी येते. उलट अफगाण लोक रशियनांना ‘शूरवी’ म्हणत. शूरा म्हणजे मंडळ, आणि ‘सोविएत’ या शब्दाचाही अर्थ मंडळच. आपण ‘गनिमी कावा’ म्हणतो तेव्हा आपलीही हीच गंमत झालेली असते. मुघलांच्या कागदपत्रांत गनीम म्हणजे मराठे! शत्रूनं ठेवलेलं नाव आपण युद्धकलेचं नाव म्हणून अभिमानानं मिरवतो. अशा लढायांत कोण कुणाला काय म्हणतं, यावरून बोलणारा कुठं उभा आहे ते कळतं.

तर या दरीत १९५३ साली, बाजारकजवळच्या एका गावात, अहमदशाह मसूद जन्मला. (पानिपतामुळे आपल्याकडे हे नाव ऐकलं की मन एकदम अब्दालीकडे जातं. नामसाम्यापलीकडे संबंध नाही. अब्दाली पश्तून, हा ताजिक.) वडील सैन्यात अधिकारी, शिक्षण काबूलच्या इस्तिकलाल या फ्रेंच शाळेत, मग पॉलिटेक्निक. म्हणजे डोंगरातला अडाणी टोळीवाला हे चित्र पहिल्यापासूनच चुकीचं. तो विद्यार्थिदशेतच बुऱ्हानुद्दीन रब्बानींच्या जमियत-ए-इस्लामीत गेला. १९७५ मध्ये दाऊद खानच्या सरकारविरुद्ध या मंडळींनी उठाव केला, त्यातला पंजशीरमधला भाग मसूदकडे होता. उठाव साफ फसला. गावकरी उठलेच नाहीत. मसूद पाकिस्तानात पळाला.

ही फजिती मला त्याच्या पुढच्या विजयांपेक्षा महत्त्वाची वाटते. क्रांती पेशावरच्या खोलीत ठरवून गावावर लादता येत नाही, हे त्याला बाविसाव्या वर्षी कळलं. दुसरा धडा १९७९ मध्ये मिळाला. दरीत परतून त्यानं सरकारी फौजेशी समोरासमोर आघाडी उघडली. सुरुवातीला यश आलं, पण चाळीसेक दिवसांत दारूगोळा संपला, पायात गोळी लागली, माघार घ्यावी लागली. त्यानंतर मोर्चा बांधून जमीन धरून ठेवण्याचा नाद त्यानं सोडला.

त्याऐवजी त्यानं बांधली ती यंत्रणा. गावात राहून शेती करता करता गावाची राखण करणारे एक. हुकूम येईल तिकडे जाऊन हल्ला करणाऱ्या तुकड्या वेगळ्या. त्यांना गणवेश, शिस्त, ठरलेलं प्रशिक्षण. प्रत्येक भागाला ‘करारगाह’ नावाचं ठाणं आणि त्याच्याभोवती समित्या. कुणाकडे धान्य, कुणाकडे तंटे, कुणाकडे शाळा आणि कुणाकडे हेरगिरी. काबूलच्या मंत्रालयांत आणि सैन्यात त्याची माणसं होती आणि मोठी चढाई ठरली की तिची कुणकुण बऱ्याचदा दरीला आधी लागे. काबूलमध्ये पोटापाण्याला गेलेल्या पंजशीरी माणसांच्या पगारातून या युद्धाला वर्गणी जाई. म्हणजे सरकार ज्यांना पगार देत होतं, तेच सरकारविरुद्धच्या लढाईचे वर्गणीदार!

दुसरं उत्पन्न पाचूंचं. खेंजच्या वरच्या अंगाला पाचूच्या खाणी आहेत. न फुटलेल्या बॉम्बमधली दारू काढून खाणकामगार त्याच दारूनं खडक फोडत, आणि निघालेल्या पाचूंवर मसूदची माणसं कर घेत. बाकी शस्त्रं दोन वाटांनी येत. शत्रूकडून हिसकावलेली, आणि पाकिस्तानातल्या चित्रालहून घोडे-खेचरांच्या पाठीवर, खिंडी ओलांडत, कित्येक दिवसांनी पोचलेली. ही दुसरी वाट नेहमी अरुंद राहिली. अमेरिका आणि सौदी अरबस्तानचा पैसा पाकिस्तानची आयएसआय वाटे आणि तिचं लाडकं पोर होतं मसूदचा प्रतिस्पर्धी मुजाहिद नेता गुलबुद्दीन हेकमत्यार. मसूदच्या वाटणीला उरलंसुरलं येई. पेशावरच्या या वाटपाबद्दल पुढं स्वतंत्र लिहायचं आहे, म्हणून इथं थांबतो.

१९८० ते १९८५ या काळात सोविएत आणि अफगाण सरकारी फौजांनी पंजशीरवर नऊ मोठ्या चढाया केल्या, असं मोजलं जातं. पहिल्या चारांचा साचा एकच. तांडा दरीत शिरे, वरून हेलिकॉप्टरं, खाली रणगाडे. मुजाहिद आडव्या दऱ्यांत सरकत. तांडा वरपर्यंत जाऊन परत फिरला की मागच्या टोकावर हल्ला होई. १९८२ च्या मे महिन्यातली पाचवी चढाई वेगळी होती. सुमारे बारा हजारांची फौज आली, हेलिकॉप्टरांनी सैनिक थेट डोंगरमाथ्यांवर उतरवले आणि या वेळी फौजेनं दरीत ठाणी मांडली. दरीची शेतं जळाली, पाटाचं पाणी तुटलं, गुरं मेली. मुजाहिद टिकले, पण गावकऱ्यांना पुढचा हिवाळा काढणं कठीण झालं.

मग १९८३ च्या जानेवारीत जे घडलं, त्यावरून मसूदवर आयुष्यभर टीका झाली. त्यानं रशियनांशी तह केला.

सोविएत लष्करी गुप्तहेर खात्याचा कर्नल अनातोली त्काचोव दरीत येऊन मसूदला भेटला. बोलणी काबूलच्या सरकारला वगळून झाली, हे कारमालच्या माणसांना किती झोंबलं असेल याची कल्पना करा. सहा महिने एकमेकांवर हल्ला नाही, असं ठरलं. अनाबाचं सोविएत ठाणं राहील. आणि तह पंजशीर दरीपुरता. पुढं मुदत वाढली आणि जवळजवळ सव्वा वर्ष तोफा थंड राहिल्या.

हेकमत्यारच्या गोटातून गद्दारीची हाकाटी झाली. तिच्यात नुसता मत्सर होता असं म्हणून मोकळं होता येत नाही. पंजशीरमध्ये न गुंतलेली फौज दुसरीकडे वापरायला मोकळी झाली होती, आणि दुसरीकडेही माणसंच राहत होती. आपली दरी वाचवताना शेजाऱ्याच्या अंगणात आग गेली, हा हिशेब मसूदच्या चाहत्यांनी सहसा मांडलेला नाही. पाश्चात्त्य पत्रकारांनी तर नाहीच. फ्रेंच बोलणारा, देखणा, पुस्तकं वाचणारा सेनानी त्यांना सापडला होता. क्रिस्तोफ द पोंफिली आणि त्याच्या सोबत्यानं १९८१ मध्येच ‘एक दरी विरुद्ध एक साम्राज्य’ अशा अर्थाच्या नावाचा माहितीपट केला होता. सगळ्या अफगाण प्रतिकाराचा चेहरा म्हणून जगाला एकच दरी दिसू लागली. कंदाहार आणि हेरातच्या बाजूला तितक्याच चिवटपणे लढणारे लोक होते, त्यांच्याकडे कॅमेरे कमी गेले.

तरीही मला तो तह त्या युद्धातली सर्वांत हुशार चाल वाटते. मसूदनं मिळालेला वेळ झोपेत घालवला नाही. उत्तरेला खवाक खिंडीपलीकडे अंदराबची दरी आहे. ती हेकमत्यारच्या माणसांच्या ताब्यात होती आणि पंजशीरचा मागचा दरवाजा त्यांनी अडवून धरला होता. तहाच्या काळात मसूदनं अंदराब घेतलं. मग बघलान, ताखार, कुंदुझ अशा प्रांतांतल्या विखुरलेल्या सेनानींना त्यानं एका छत्राखाली आणायला सुरुवात केली. या जुळणीचं नाव पुढं ‘शूरा-ए-नजार’ पडलं, म्हणजे देखरेख मंडळ. आपल्या ‘नजर’ शब्दाच्या कुळातलाच तो ‘नजार’. शूरवींशी लढायला शूरा! दरीचा सेनापती उत्तर अफगाणिस्तानचा नेता झाला तो लढाईच्या वर्षांत नव्हे, या शांततेच्या वर्षात.

१९८४ च्या वसंतात मुदत संपली आणि त्यानं ती वाढवायला नकार दिला. मोठी चढाई येणार ही खबर त्याला होती. मग त्यानं केलं ते असं, की दरी रिकामी केली. तीस हजारांहून जास्त माणसं, म्हातारी, पोरंबाळं, गुरं, पाठीवरची भांडी, सगळं आडव्या दऱ्यांत, पलीकडच्या प्रांतांत, काही काबूलकडे. वाटांवर सुरुंग पेरले. एप्रिलमध्ये तुपोलेव जातीची अवजड बॉम्बफेकी विमानं थेट सोविएत भूमीवरून उडून पंजशीरवर आली आणि खूप उंचावरून रिकाम्या गावांवर बॉम्ब टाकून गेली. मागून दहा हजारांहून जास्त सैन्य शिरलं. रस्त्यात कुणी भेटलं नाही. ३० एप्रिलला हजारा नावाच्या उपदरीत सोविएत बटालियन वरच्या कड्यांवरच्या माऱ्यात सापडली, तेव्हा एका दिवसात पन्नासहून अधिक शिपाई पडले.

आपल्या मनात इथं सह्याद्री येणं साहजिक आहे, पण ती तुलना फार ताणू नये. आपल्याकडे किल्ला होता. धान्याचं कोठार, पाण्याचं टाकं आणि भगवा एकाच माथ्यावर. पंजशीरला किल्ला नव्हता. मसूदनं धरून ठेवण्यासारखी जागाच ठेवली नाही. १९८४ नंतर सोविएत फौज खालच्या दरीत, रुखा-बाजारकमध्ये, ठाणी करून बसली आणि चार वर्षं बसून राहिली. रसद पोचवायला तांडा, तांड्याला संरक्षण, संरक्षणाला हेलिकॉप्टर. मसूद तोवर दरीबाहेर निघून गेला होता. १९८५ मध्ये त्याच्या माणसांनी पेशघोरचं सरकारी ठाणं घेतलं, १९८६ मध्ये ताखारमधलं फरखार. हे हल्ले पहिल्यांदा जमिनीवर आखून, रंगीत तालीम करून केलेले होते. दरीतल्या घरांचं मात्र छप्पर उडालं ते उडालंच. परागंदा झालेल्या कुटुंबांतली मुलं छावण्यांत मोठी झाली. सेनानीच्या डावपेचांत ‘दरी रिकामी केली’ हे तीन शब्दांचं वाक्य असतं. ज्यांना पेरलेलं शेत सोडून रातोरात निघावं लागलं, त्यांच्यासाठी ते एवढं आटोपशीर नव्हतं.

१९८८ मध्ये सोविएत ठाणी पंजशीरमधून उठली. आता प्रश्न उरला तो पुन्हा रस्त्याचाच. परत जायचं तर सालंगवरूनच जायचं होतं. अफगाणिस्तानातल्या सोविएत फौजेचे, म्हणजे चाळिसाव्या आर्मीचे, सेनापती मसूदच्या माणसांशी आतून बोलत होते आणि जाणाऱ्या फौजेवर हल्ला करण्यात मसूदलाही रस नव्हता. जाणाऱ्याला वाट द्यावी, हे त्याला पटलेलं होतं. ते काबूलमध्ये कारमालच्या जागी येऊन बसलेल्या नजीबुल्लाहला नको होतं. रशियन जाण्याआधी मसूदला एकदा जबर तडाखा बसावा, असा त्याचा आग्रह होता आणि मॉस्कोनं तो मानला. २३ जानेवारी १९८९ पासून तीन दिवस दक्षिण सालंगवर विमानांनी आणि तोफांनी मारा केला. रस्त्याकडेची गावं बर्फात जमीनदोस्त झाली. मारा करणाऱ्या सेनापतींनाच तो नको होता, असं त्यांनी पुढं सांगितलं.

मग त्याच गावांच्या ढिगाऱ्यांशेजारून तांडे उत्तरेला गेले. १५ फेब्रुवारीला जनरल बोरिस ग्रोमोव हैरतानच्या पुलावरून पलीकडे गेला. नजीबुल्लाह आता वाचत नाही, असं सगळ्या जगाचं भाकीत होतं. तो आणखी तीन वर्षं टिकला. १९९२ च्या एप्रिलमध्ये मसूदच्या फौजांनी जबल-उस-सिराज, चारिकार आणि बगराम घेतलं, तेव्हा नजीबुल्लाहकडे येणारा रस्ता बंद झाला. त्या आठवड्यांत काबूलमध्ये काय झालं आणि कुणाच्या तोफा कुठल्या मोहल्ल्याकडे वळल्या, ते पुढच्या भागात.