पादचाऱ्याचा अपघात आणि आपली नोंदवही



2022 च्या आषाढातील गोष्ट. आमच्या गावच्या बाजारपेठेत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना भरधाव मोटारसायकलने धडक दिली. वय बेचाळीस. पोळीभाजी केंद्र चालवून संसार सांभाळणाऱ्या. डाव्या घोट्याचे हाड मोडले. सरकारी रुग्णालयात प्लास्टर झाले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, मोटारसायकलचा क्रमांकही मिळाला. दीड महिन्याने प्लास्टर निघाले तेव्हा घोटा आखडलेला होता, पावलावर सूज होती आणि टाच टेकवताना कळ येत होती. त्या अवस्थेत त्या माझ्याकडे आल्या. स्नेहन, नाडीस्वेद, बंधन आणि लाक्षादि गुग्गुळ असा क्रम पाच महिने चालला. हळूहळू त्या काठीवाचून चालू लागल्या. एक रुग्ण बरा केल्याचे समाधान मला लाभले.

त्यानंतर दीड वर्षाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे साक्षीचे समन्स हाती आले. नोंदवही घेऊन मी हजर झालो. त्या बाईंच्या नावापुढे माझ्याच अक्षरात एक ओळ होती : ‘पतनोत्तर संधिशूल, वाम गुल्फ.’ विमा कंपनीच्या वकिलांनी तिचा अर्थ शांतपणे विचारला. ‘पतन म्हणजे पडणे ना? मग या बाई पडल्या, की त्यांना वाहनाने धडक दिली?’ मी खुलासा केला. परंतु वहीत जे नव्हते ते तोंडाने सांगण्याला फारसे मोल नसते. पुढचा प्रश्न खर्चाचा. पाच महिन्यांत त्यांनी मला आणि शेजारच्या औषधालयाला दिलेल्या पैशांची एकही पावती नव्हती. पुड्या कागदात बांधून दिल्या होत्या आणि पैसे रोख घेतले होते. या काळात त्यांना चुलीपुढे उभे राहणे शक्य नव्हते, हेही मी कोठे लिहिले नव्हते.

रुग्णालयाचे कागद व पोलिसांचा तपास भक्कम असल्यामुळे दावा मंजूर झाला. मात्र माझ्याकडील उपचारांच्या खर्चापोटी त्यांना एक रुपयाही मिळाला नाही आणि प्लास्टरनंतरच्या पाच महिन्यांची बुडालेली कमाईही धरली गेली नाही. न्यायालयाच्या व्हरांड्यात त्यांनी मला एवढेच विचारले, ‘डॉक्टर, पाच महिने मी तुमच्याकडे येत होते, हे कुठंच लिहिलेलं नाही का हो?’ प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे.

कायद्याची रूपरेषा

रस्त्यावरून पायी चालणारा मनुष्य हा मोटार वाहन कायदा, 1988 च्या दृष्टीने ‘त्रयस्थ पक्ष’ होय. त्याच्या इजेची जोखीम उचलणारा विमा प्रत्येक वाहनमालकाला सक्तीचा आहे. जखमी व्यक्ती कलम 166 अन्वये न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकते. अपघात जेथे घडला तेथे, स्वतः जेथे राहते वा व्यवसाय करते तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोठेही अर्ज करण्याची मुभा आहे. फौजदारी खटला आणि हा दावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. येथे मात्र घटना अधिक संभाव्य कोणती, एवढे पाहिले जाते.

मुदतीविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. 1994 च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकली होती; त्यामुळे ‘दावा केव्हाही करता येतो’ असे जुने लोक आजही सांगतात. 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून ती अमलात आली. या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तथापि त्या भरवशावर रुग्णाने थांबू नये. आपल्याकडे येणारा अपघातग्रस्त बहुधा प्लास्टर काढल्यानंतर, म्हणजे दोन-तीन महिने उलटल्यावर येतो. त्या वेळी ‘दावा केला का?’ एवढा एक प्रश्न आपण विचारला, तरी त्याचा हक्क वाचू शकतो.

2022 च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती 48 तासांत न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला कळवावयाची असते आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत द्यावयाचा असतो. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून स्वीकारता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे निर्देश दिले. विमा कंपनीने देऊ केलेली रक्कम स्वीकारणे किंवा नाकारणे रुग्णाच्या हाती असते. ती स्वीकारण्यापूर्वी जिल्हा अथवा तालुका विधी सेवा समितीकडे सल्ला घ्यावा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो.

वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तरी सर्व संपले असे नाही. 2022 च्या योजनेनुसार अशा अपघातात गंभीर दुखापतीसाठी 50 हजार व मृत्यूसाठी 2 लाख रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्या पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. अस्थिभंग आणि संधिच्युती या दोन्ही कायद्याच्या व्याख्येने ‘गंभीर दुखापत’ ठरतात. रस्ता ओलांडताना पादचाऱ्याची थोडी चूक झाली असेल, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. दावा बुडत नाही.

भरपाई कशाकशाची मिळते?

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिलेला निर्णय प्रत्येक चिकित्सकाने समजून घेण्याजोगा आहे. उपचार, औषधे, प्रवास व पौष्टिक आहार यांचा खर्च; उपचारकाळात बुडालेली कमाई; कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई; भावी उपचारांचा खर्च; तसेच वेदना व जीवनातील सुखसोयींची हानी, अशी शीर्षके त्यात सांगितली आहेत. आपण ज्याला पथ्याहार म्हणतो, त्यालाही येथे जागा आहे, हे आपल्या लक्षात यावे.

या निर्णयाचा गाभा मात्र वेगळा आहे. पायाचे पंचेचाळीस टक्के अपंगत्व म्हणजे संपूर्ण शरीराचे पंचेचाळीस टक्के नव्हे, आणि शरीराचे अमुक टक्के म्हणजे कमाईचे तितकेच टक्के नव्हे. डावा हात गमावलेला मनुष्य वाहनचालक वा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच सरकारी कारकून असेल, तर नोकरी टिकूही शकते. म्हणून न्यायाधिकरणाने प्रथम ती व्यक्ती कोणती कामे करू शकते आणि कोणती नाही हे पाहावे, मग तिचा व्यवसाय व वय पाहावे, असा क्रम न्यायालयाने घालून दिला.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. बेचाळीस वर्षांची स्वयंरोजगार करणारी स्त्री, मासिक कमाई 12 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 44 हजार. 2017 च्या प्रणय सेठी निर्णयानुसार या वयोगटात भावी वाढीचे 25 टक्के मिळवले की 1 लाख 80 हजार होतात. सरला वर्मा निर्णयाच्या कोष्टकाप्रमाणे 41 ते 45 या वयाचा गुणक 14 आहे. कमाईची हानी 10 टक्के धरली तर 2 लाख 52 हजार मिळतील. 20 टक्के धरली तर 5 लाख 4 हजार. दोहोंतील अंतर अडीच लाखांचे आहे, आणि ती स्त्री सलग किती वेळ उभी राहू शकते याची विश्वसनीय नोंद कागदावर आहे की नाही, यावर ते बरेचसे अवलंबून असू शकते. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या कीर्ती प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे ‘ती काही कमावत नव्हती’ असे समजून नोंद टाळू नये.

चिकित्सकाने काय लिहावे?

सुश्रुताचार्यांनी भग्नाचे कांडभग्न व संधिमुक्त असे भेद करून त्यांचे उपप्रकार सांगितले. संधी स्थिर होण्याचा काळही वयानुसार सांगितला : बाल्यात एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट. वय, अवस्था आणि काळ यांची नोंद ही आपल्या शास्त्राला परकी गोष्ट नाही. आपण ती केवळ मनात ठेवतो. ती कागदावर आणावयाची आहे.

अपघातग्रस्त प्रथमच आपल्या दारी आला, तर प्राथमिक उपचार करून त्याला विनाविलंब रुग्णालयात पाठवावे आणि पोलिसांना कळवावे. 2025 च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळू शकतात. हाडाची तपासणी न करता लेप लावून रुग्णाला घरी ठेवणे म्हणजे त्याच्या प्रकृतीला आणि हक्काला, दोहोंना बाधा आणणे होय.

पुढे तो आपल्याकडे अनुवर्ती चिकित्सेसाठी आला, म्हणजे स्वतंत्र केसपेपर करावा. त्यावर आपला नोंदणी क्रमांक असावा. इतिवृत्त रुग्णाच्या शब्दांत लिहावे : ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार, अमुक तारखेस, अमुक ठिकाणी, पायी जात असता अमुक प्रकारच्या वाहनाची धडक बसली.’ चूक कोणाची हा निवाडा आपण करू नये. ‘पडल्यामुळे’, ‘मार लागून’ असे मोघम शब्द टाळावेत. त्यांची किंमत मी पाहिली आहे. संस्कृत निदानासोबत मराठीत एक ओळ लिहावी, कारण ते वाचणारा वैद्य नसतो.

प्रत्येक भेटीची तारीख, सूज, सांध्याची हालचाल आणि दिलेली चिकित्सा नोंदवावी. त्याहून महत्त्वाची नोंद दैनंदिन कामांची. मांडी घालून बसता येते का? उकिडवे बसता येते का? जिना चढता येतो का? किती मिनिटे उभे राहता येते? ओझे उचलता येते का? त्याच्या नेहमीच्या कामासाठी यांपैकी काय आवश्यक आहे? विश्रांतीचा सल्ला दिला असेल, तर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे स्पष्ट लिहावे. आधीचा संधिवात अथवा जुनी इजा असेल, तर तीही लिहावी. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

अपंगत्वाचे टक्के ठरवणे हे आपले काम नव्हे. ते प्रमाणपत्र सक्षम वैद्यकीय अधिकारी वा मंडळच देऊ शकते. रुग्णाच्या नातेवाइकांनी गळ घातली, तरी ‘थोडे वाढवून’ लिहू नये किंवा मागील तारखेची पावती फाडू नये. सढळ हाताने दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांबाबत सावध राहण्यास राजकुमार प्रकरणातच न्यायालयाने न्यायाधिकरणांना बजावले आहे. खोटे प्रमाणपत्र हा गुन्हा तर आहेच. शिवाय एका खोट्या कागदामुळे पुढच्या दहा प्रामाणिक वैद्यांच्या कागदांकडे संशयाने पाहिले जाते.

औषधालयांच्या चालकांसाठी

बिलावर अनुक्रमांक, तारीख, रुग्णाचे पूर्ण नाव, चिकित्सकाचे नाव, प्रत्येक औषधाचे नाव, परिमाण आणि किंमत असावी. ‘आयुर्वेदिक औषधे, एकूण इतके’ असे एकगठ्ठा बिल सहसा टिकत नाही. ते चिकित्सकाच्या चिठ्ठीशी जुळवून पाहता आले पाहिजे. तेल, लेप, पट्टी हेही वेगळे दाखवावे. मूळ प्रत रुग्णाला द्यावी व स्थळप्रत आपल्याकडे जपावी. दाव्याचा निकाल लागण्यास काही वर्षे जातात. तोवर ती पुस्तके रद्दीत घालू नयेत. चिकित्सक स्वतः औषध देत असेल, तर त्यानेही तपासणी, पंचकर्म व औषध यांचे शुल्क वेगवेगळे दाखवणारी पावती द्यावी. कायद्याने भरपाई ‘न्याय्य’ असावी असे म्हटले आहे आणि वाजवी व सिद्ध झालेला उपचारखर्च तिच्यात धरला जातो. आपला खर्च वाजवी असतो. तो सिद्ध होत नाही, ही आपली उणीव आहे.

आज माझ्या चिकित्सालयात अपघातग्रस्तांसाठी वेगळी वही आहे. पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहिले आहेत : गुन्हा नोंदला का, अपघाताला किती दिवस झाले, दावा दाखल झाला का. सहायिका ते प्रथम विचारते, मग रुग्ण माझ्यापुढे येतो. यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

त्या बाई अजूनही येतात. पावसाळ्यात घोटा ठणकतो. पोळ्या लाटायला त्यांनी एक मुलगी ठेवली आहे. तिचा पगार त्यांच्याच मिळकतीतून जातो. मी आता प्रत्येक भेटीची पावती त्यांना देतो. त्या ती निमूटपणे पिशवीत ठेवतात. त्या पावतीचा त्यांना आता काही उपयोग नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. निदान आपल्या वाचकांच्या रुग्णांना तरी ती वेळेवर मिळावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.