गोळी बीपीची, काम ठोक्यांचं

‘मला बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?’ एट्रियल फिब्रिलेशनच्या पेशंटला डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल लिहून दिलं की हा प्रश्न हमखास येतो. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. मिनिटाला 350 ते 600 विद्युतसंदेश सुटतात. ते सगळे खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नाहीत, कारण वाटेत एव्ही नोड नावाची चौकी असते. तरीही ठोके सहज 120-150 वर जातात. या चौकीतल्या पेशींना संदेश पुढे पाठवायला कॅल्शियम आत घ्यावं लागतं. ही औषधं ती वाट काही अंशी अडवतात, आणि ठोके उतरतात.

मग घरातली अ‍ॅम्लोडिपिन चालेल का? नाही. तीही कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरच, पण तिचा रोख रक्तवाहिन्यांवर. ठोके तिने आवरत नाहीत. आणि हाडांतलं कॅल्शियम यातल्या कुठल्याच गोळीने कमी होत नाही. दूध, नाचणी खुशाल चालू ठेवा.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: नाडी 80 वर आली म्हणजे आजार गेला. ठोके मंदावले तरी लय अनियमितच राहते, वरच्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोकाही राहतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी दिली असेल, तर ती मनाने बंद करणं हा शुद्ध वेडेपणा. उलट, नाडी 80 च्या खालीच हवी हा हट्टही नको. नेदरलँड्समधल्या ‘रेस टू’ अभ्यासात (2010) विश्रांतीच्या वेळी 110 च्या आत ठोके ठेवलेल्यांचे निकाल कडक नियंत्रणवाल्यांपेक्षा वाईट नव्हते.

ही औषधं सगळ्यांना चालत नाहीत. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं असेल, किंवा जन्मापासूनच विजेची जादा वाट असेल (डब्ल्यूपीडब्ल्यू), तर ती घातक ठरू शकतात. मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर सोबत असेल, तर नाडी फारच मंदावू शकते. व्हेरापामिलने बद्धकोष्ठता होते. इसबगोल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. ‘एसआर’ लिहिलेली गोळी कुटून घेऊ नका, दिवसभराचा डोस एकदम उतरतो.

घरी नाडी मोजताना 15 सेकंद मोजून चारने गुणू नका. लय अनियमित असल्याने पूर्ण मिनिट मोजा. ती 50 च्या खाली गेली किंवा भोवळ आली, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.