छोटी फिल्म, रुंद पडदा

जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत किंवा दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी जुने चित्रपट पाहिलेल्या वाचकांना एक गंमत आठवत असेल. चित्रपटाची श्रेयनामावली सुरू झाली की अक्षरे उंच आणि चिंचोळी दिसत आणि त्यामागचे नायक-नायिका काठीसारखे सडपातळ भासत. हा प्रक्षेपणातला बिघड नसे. सिनेमास्कोप चित्रपटाच्या फिल्मवर चित्र मुळातच तसे आवळलेले असते. प्रोजेक्टरपुढे योग्य भिंग बसवले की ते पुन्हा पसरून रुंद पडदा व्यापते. चित्र आवळणारे आणि पसरवणारे हे भिंग म्हणजे ॲनामॉर्फिक भिंग.

या भिंगाचे नाव निघाले की भव्य सेट आणि मोठे बजेट डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्याचा खरा उपयोग कळतो तो १६ मिमी किंवा सुपर ८ सारख्या लहान फिल्मवर काम करणाऱ्याला. तेथे हे भिंग चैनीची नव्हे, तर काटकसरीची वस्तू ठरते.

चौकटीचा हिशेब

फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतिएँ यांनी १९२०च्या दशकात विकसित केलेले हे तंत्र हॉलिवूडने 'द रोब' (१९५३) या चित्रपटाद्वारे सिनेमास्कोप या नावाने जगापुढे आणले. भारतात गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल' (१९५९) या चित्रपटासाठी छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी ते वापरले. या भिंगातील काचा दंडगोलाकार वळणाच्या असतात. त्यामुळे दृश्याची उंची तशीच राहते, रुंदी मात्र निम्म्याने आवळली जाते. हे झाले ३५ मिमी फिल्मचे.

१६ मिमी फिल्मची चित्रचौकट सुमारे १०.३ मिमी रुंद आणि ७.५ मिमी उंच असते. ३५ मिमीच्या साध्या चौकटीत तिच्यासारख्या चार चौकटी सहज मावतील. एवढ्याशा चौकटीतून २.३९ : १ या प्रमाणाचे रुंद चित्र हवे असेल, तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वरचा आणि खालचा भाग कापून टाकणे. तसे केल्यास चौकटीचा सुमारे ४३ टक्के भाग वाया जातो. उरलेला पट्टा मोठ्या पडद्यावर ताणला की फिल्मचे कण ठळक दिसू लागतात आणि बारकावे हरवतात.

ॲनामॉर्फिक भिंग लावले की चौकटीची पूर्ण उंची कामी येते. दुपटीने आवळणाऱ्या भिंगाने १६ मिमीवर २.७४ : १ इतके अतिरुंद चित्र मिळते. ते २.३९ वर आणण्यासाठी बाजूंचा सुमारे १३ टक्के भाग सोडावा लागतो. तरीही कापलेल्या चित्राच्या तुलनेत फिल्मचे दीडपट क्षेत्रफळ वापरात येते. दीडपट आवळणारे भिंग घेतले तर काहीही न कापता २.०५ : १ हे प्रमाण मिळते. १६ मिमीचे १०० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम पावणेतीन मिनिटे चालते. इतक्या महागड्या मिनिटांतली निम्मी फिल्म कात्रीखाली घालवणे कोणालाच परवडणारे नाही.

इनामगावचे टेकाड

रुंद चौकट कशासाठी हवी, हे समजून घेण्यास शिरूर तालुक्यातील इनामगाव हे चांगले उदाहरण आहे. घोड नदीच्या काठावरील येथील पांढरीच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या या कामातून इ. स. पू. १६०० ते ७०० या सुमारास येथे नांदलेल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. चौकोनी घरांच्या ओळी, नंतरच्या हलाखीच्या काळातील गोल झोपड्या, धान्याचे कोठार, पाण्याचा पाट आणि घरांच्या जमिनीखाली कुंभांतून केलेली दफने येथे आढळली.

अशा जागेचे छायाचित्रण करायचे म्हटले, तर पहिली अडचण तिच्या आकाराची येते. टेकाड उंच नाही, पसरलेले आहे. नेहमीच्या चौकटीत ते पूर्ण बसवायचे तर मागे सरकावे लागते आणि मग निम्मी चौकट आभाळाने भरते. घरांची ओळ, नदीचा काठ आणि त्यांच्यातील अंतर एकाच दृश्यात दाखवायचे असेल, तर रुंद चौकट उपयोगी पडते. ही वसाहत नदीच्या आधाराने जगली, हे तेथे निवेदनाशिवाय कळते.

उलट, खड्ड्यात उतरून कुंभदफन दाखवायचे असेल, तर हीच चौकट अडचणीची ठरते. इनामगावात सापडलेला चार पायांचा दफनकुंभ किंवा जोर्वे पद्धतीचे तोटीचे भांडे या उभ्या, आटोपशीर वस्तू आहेत. रुंद चौकटीत त्यांच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहतात. त्यांच्यासाठी भिंग उतरवून साधी चौकट वापरणेच शहाणपणाचे.

दोन फोकस आणि एक ओळंबा

छोट्या कॅमेऱ्यांवर बहुधा स्वतंत्र ॲनामॉर्फिक जोडभिंग वापरतात. यांतील बरीच भिंगे मुळात १६ मिमी प्रोजेक्टरसाठी बनलेली आहेत. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ती बसवली की बहुतेकांत फोकस दोनदा साधावा लागतो, एकदा आतील भिंगाचा आणि एकदा बाहेरच्या जोडभिंगाचा. दोन्हींवरचे अंतर जुळले नाही, तर चित्र धूसर येते. चालत्या माणसामागे फोकस नेणे म्हणूनच अवघड असते. जवळच्या वस्तूसाठी पुढे आणखी एक क्लोजअप भिंग लागते. आतील भिंग फार रुंद कोनाचे असेल, तर चौकटीचे कोपरे काळवंडतात.

जोडभिंग किंचितही फिरले, तर प्रसरणानंतर उभ्या रेषा तिरक्या होतात. उपाय साधा आहे. समोर ओळंबा सोडावा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहत भिंग फिरवून दोरी चौकटीच्या कडेला समांतर आणावी. उत्खननाच्या खड्ड्याची भिंत उभी तासतानाही हाच ओळंबा वापरतात.

वर्तुळाची कसोटी

या भिंगाचा मोठा धोका म्हणजे ते मापाशी खेळते. पुष्कळ भिंगांत जवळच्या वस्तूचे आकुंचन ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी होते. पडद्यावर पूर्ण प्रसरण केले की ती वस्तू फुगलेली दिसते. सिनेमास्कोपच्या सुरुवातीच्या काळात नटनट्यांचे चेहरे असे सुजल्यासारखे दिसत, म्हणून या दोषाला 'गालगुंड' म्हटले जाई. कथापटात हे हसण्यावारी नेता येते. उत्खननाच्या चित्रणात मात्र भांड्याचा घेर आणि झोपडीची गोलाई हाच पुरावा असतो. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. त्या क्षणी घेतलेले चित्रच मागे उरते.

म्हणून प्रत्येक रिळाच्या आरंभी पांढऱ्या पुठ्ठ्यावरचे एक वर्तुळ आणि मापपट्टी चित्रित करून ठेवावी. भिंग किंवा अंतर बदलले, तर ती पुन्हा घ्यावी. पुढे कोणी ती फिल्म संगणकावर उतरवील, तेव्हा वर्तुळ गोल होईपर्यंत चित्र पसरवले की प्रमाण सापडते.

ही काळजी आज अधिक गरजेची आहे. १६ मिमी आणि सुपर ८ फिल्म आजही तयार होते, परंतु भारतातील बहुतेक फिल्म प्रयोगशाळा २०१०च्या दशकात बंद पडल्या. आवळलेले चित्र पाहून ते ओळखणाऱ्या ऑपरेटरांची पिढीही विरळ झाली आहे. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी असो वा घरच्या माळ्यावर, डब्यावर नोंद नसलेले रीळ पाहणाऱ्याला सदोषच वाटणार. एका चिठ्ठीवर 'स्कोप, दीडपट', तारीख आणि ठिकाण एवढे लिहून ठेवले, तर तीस वर्षांनी डबा उघडणाऱ्याला इनामगावच्या झोपड्या गोल होत्या की लांबट, हे त्या फिल्मवरून खात्रीने सांगता येईल.