निवडणूककाळातील अपमाहिती आणि युवकांची डिजिटल साक्षरता (गोंदिया जिल्हा)

मतदारांची दिशाभूल करण्याच्या हेतूने पसरवलेल्या खोट्या किंवा विपर्यस्त मजकुरास अपमाहिती म्हणतात. मजकुराचा उगम, काळ व स्थळ पारखण्याची क्षमता हा डिजिटल साक्षरतेचा गाभा होय. मोबाईल सफाईने हाताळणाऱ्या प्रत्येक युवकाकडे ती असतेच असे नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगढला लागून आहे. मराठीबरोबरच हिंदीही येथे सर्रास वापरात असल्याने सीमेपलीकडचा जुना संदेश ताजा म्हणून सहज खपू शकतो.

२०१८ची पोटनिवडणूक

भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात २८ मे २०१८ रोजी झालेल्या पोटनिवडणुकीत अनेक ठिकाणी मतदान यंत्रे व व्हीव्हीपॅट बंद पडली. तीव्र उष्म्याचे कारण पुढे आले, विरोधकांनी आक्षेप घेतले आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान झाले. यंत्रे बंद पडली ही नोंदलेली वस्तुस्थिती आहे. मात्र 'कोणतेही बटण दाबा, मत एकाच पक्षाला जाते' हा निराळा दावा असून तो पहिल्या घटनेवरून सिद्ध होत नाही. अफवा बहुधा अशाच खऱ्या घटनेच्या आधाराने वाढते. म्हणूनच सरसकट अविश्वास हा तिच्यावरचा उपाय ठरत नाही. व्हीव्हीपॅटवरील चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते, हे ठाऊक असलेला युवक निदान योग्य प्रश्न तरी विचारू शकतो.

२०२४मधील ध्वनिफिती

विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी होते. आदल्या रात्री बिटकॉइन व्यवहारासंबंधीच्या काही ध्वनिफिती सुप्रिया सुळे व नाना पटोले यांच्या आवाजातील म्हणून प्रसृत झाल्या. दोघांनीही आवाज आपला असल्याचे नाकारले. तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थांना काही फितींत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची चिन्हे आढळली. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचारास बंदी असते. या शांतताकाळात खुलासा सर्वांपर्यंत पोहोचण्यास अवधीच उरत नाही. भंडारा-गोंदिया लोकसभा क्षेत्रातील साकोली मतदारसंघात पटोले अवघ्या २०८ मतांनी विजयी झाले. फितींमुळे मते फिरली असे म्हणण्यास आधार नाही. तथापि, इतक्या थोड्या फरकाच्या लढतीत शेवटच्या रात्रीच्या एका संदेशाचे मोल किती असू शकते, याची कल्पना येते.

शिक्षण व तक्रार

निवडणूक आयोगाने २०१८पासून शाळा-महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळे सुरू केली. त्यांत मतदान प्रक्रियेची ओळख करून दिली जाते. आलेला संदेश कसा पडताळावा, यासाठीही एखादी तासिका राखणे अगत्याचे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना संदेश वाचून दाखवणारा बहुधा हाच विद्यार्थी असतो. आयोगाच्या 'सी-व्हिजिल'वर केवळ जागेवर टिपलेले छायाचित्र, ध्वनिफीत वा चित्रफीत पाठवता येते. दुसऱ्याकडून आलेला संदेश त्यात जोडता येत नाही. अशी तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे करता येते. यादीतून नाव वगळल्याची अफवा कानी आल्यास १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते.