रकान्यात न मावणारी नावे

कवीचा आणि संगणकाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे तो नावाचा. कवी पुष्कळदा एका नावाने जन्माला येतो आणि दुसऱ्या नावाने ओळखला जातो. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. कुसुमाग्रज म्हणजे विष्णु वामन शिरवाडकर. ग्रंथालयात अशा लेखकांसाठी दोन कार्डे ठेवता येतात. एक मुख्य कार्ड, आणि ‘तिकडे पाहा’ असे सांगणारे दुसरे. संगणकात ही सोय आपोआप होत नाही. कोणीतरी ती आधी आखावी लागते, आणि आखायची राहिली तर मागाहून बदल करावा लागतो. हे आखणे आणि बदलणे कसे चालते, ते आज पाहू.

बँक, रेल्वे, शाळा, रेशन, सगळीकडे आपल्या नोंदी आता डेटाबेसमध्ये असतात. त्यांतले बहुतेक डेटाबेस म्हणजे तक्त्यांचे संच. आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली ही मांडणी शास्त्रशुद्ध रीतीने सांगितली. एका माणसाची एक ओळ. आणि नाव, जन्मतारीख, पत्ता असे रकाने. रकाने कोणते असावेत, त्यांत अक्षरे मावतील की आकडे, कोणता रकाना रिकामा सोडता येणार नाही, हे सारे ठरवणे म्हणजे तक्त्याचा आराखडा. सॉफ्टवेअरवाले त्याला स्कीमा म्हणतात.

आता शोधण्याचे पाहू. ग्रंथालयाच्या दाखल रजिस्टरमध्ये पुस्तके आली त्या क्रमाने लिहिलेली असतात. एका लेखकाची सगळी पुस्तके हवी असतील, तर अख्खे रजिस्टर चाळावे लागेल. म्हणून लेखकांची कार्डे अक्षरक्रमाने वेगळ्या खणांत लावतात. संगणकाचा इंडेक्स म्हणजे हे खण. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्रेट या दोघांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना बी-ट्री नावाची रचना शोधली. तिच्यावरचा त्यांचा लेख १९७२ साली छापला गेला. आजही बहुतेक इंडेक्स त्याच घराण्यातले आहेत. तिच्या प्रत्येक पानावर शेकडो खुणा असतात आणि प्रत्येक खूण पुढच्या पानाकडे बोट दाखवते. एका पानावर ३०० खुणा धरल्या, तर तीन पाने उघडून २ कोटी ७० लाख नोंदींतून हवी ती एक सापडते.

माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. मी त्याला म्हटले, “अरे, मग प्रत्येक रकान्याला इंडेक्स देऊन टाका की!” तो म्हणाला, “मामू, पुस्तक एक आले तर तुम्ही कार्डे किती लिहिणार?” मला मुद्दा पटला. लेखकाचे कार्ड, शीर्षकाचे कार्ड, विषयाचे कार्ड. खण वाढतील तसे प्रत्येक नव्या पुस्तकामागे लिहिणे वाढते. संगणकालाही नवी नोंद घालताना तिच्याशी संबंधित सगळे इंडेक्स दुरुस्त करावे लागतात. शोधणे झटपट होते, पण लिहिणे मंदावते आणि जागाही जाते. म्हणून जाणते लोक आधी बघतात, की लोक खरोखर कशावरून शोधतात. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस तर कोणता इंडेक्स किती वेळा वापरला गेला, याची मोजदादही ठेवतो. वर्षभर ज्याला कोणी हात लावला नाही, तो बहुधा काढून टाकता येतो.

इंडेक्स बांधतानाही पथ्य आहे. पोस्टग्रेसमध्ये साध्या पद्धतीने तो बांधायला घेतला, की काम संपेपर्यंत त्या तक्त्यात नवे काही लिहिता येत नाही. वाचता येते, पण लिहिणारे रांगेत थांबतात. तक्ता मोठा असेल तर ही रांग फार लांबते. २००६ साली आलेल्या ८.२ या आवृत्तीपासून व्यवहार चालू ठेवून इंडेक्स बांधण्याची सोय झाली. तिला वेळ जास्त लागतो, आणि मध्येच बिघाड झाला तर अर्धवट इंडेक्स मागे राहतो. तो आठवणीने काढून पुन्हा बांधावा लागतो.

इथपर्यंत प्रश्न वेळेचा होता. आराखड्याचा प्रश्न आला, की तो माणसाचा होतो.

आमच्या घरातल्या एका बाईंना आडनाव नाही. त्यांचे नाव आणि पुढे ‘बी’, एवढेच. एका कार्यालयात अर्ज भरताना यंत्राने आडनावाचा रकाना रिकामा सोडू दिला नाही. कारकून भला माणूस होता. त्याने तेच नाव दोनदा टाइप करून अर्ज पुढे सरकवला. पुढे दुसऱ्या कागदावरचे नाव या नावाशी जुळेना. त्या बाई तीन महिने हेलपाटे घालत राहिल्या. आणि हे आमच्यातच घडते असे नाही. दक्षिणेत अनेकजण नावापुढे फक्त आद्याक्षर लावतात. लग्नानंतर नाव बदललेल्या, न बदललेल्या बायका घरोघर आहेत. पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या माणसाच्या अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी अक्षरे येतात. अर्थ असा, की पहिले नाव माहीत नाही.

मग असा तक्ता सुधारायचा कसा? समजा, तीन सक्तीच्या रकान्यांऐवजी ‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना हवा आहे. जुने रकाने एका रात्रीत पुसले, तर त्यांच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम सकाळी बंद पडतील. म्हणून पायरीपायरीने जायचे. आधी नवा रकाना जोडायचा, पण तो सक्तीचा करायचा नाही. मग काही काळ प्रोग्रॅमने प्रत्येक नवे नाव दोन्हीकडे लिहायचे. त्याच काळात जुन्या ओळी थोड्या-थोड्या करून नव्या रकान्यात भरायच्या आणि संख्या जुळते का ते तपासायचे. जिथे नाव दोनदा आले असेल, तिथे माणसाला विचारून दुरुस्ती करायची. त्यानंतर वाचणे नव्या रकान्यातून सुरू करायचे. जुने रकाने काढायचे ते सगळ्यांत शेवटी. यातला प्रत्येक बदल क्रमांक घालून लिहून ठेवायचा, म्हणजे काय, कधी आणि कशासाठी बदलले ते पुढच्याला कळते.

पुस्तकांच्या जगाने असा बदल केलेला आहे. १ जानेवारी २००७पासून पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक दहाऐवजी तेरा अंकी झाला. त्याआधी काही काळ अनेक पुस्तकांवर दोन्ही क्रमांक छापले जात होते. जुना क्रमांक वाया गेला नाही. पुढे ९७८ जोडून शेवटचा तपास-अंक नव्याने काढला, की तोच तेरा अंकी होतो. दुकाने आणि ग्रंथालये यांना सवड मिळाली.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. इंडेक्स चुकून काढला तर पुन्हा बांधता येतो, कारण तो मूळ नोंदींवरूनच तयार होतो. रकाना काढला आणि त्याची प्रत ठेवलेली नसली, तर त्यातला मजकूर गेला तो गेलाच. म्हणून ती शेवटची पायरी घाईने चढू नये.

आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज हे काम करतात. त्यांच्यासाठी ती तक्त्यातली एक ओळ असते. तिच्या पलीकडे कोणाची पेन्शन असते, कोणाची शिष्यवृत्ती असते. रकान्यापुढे ‘सक्तीचा’ असे लिहिण्याआधी त्यांनी एकदा विचारावे, की ज्याच्याकडे हे नाही, तो माणूस काय लिहील? घरी जेवताना एवढे त्यांच्या कानावर घाला.