‘ध’चा ‘मा’ आणि एक परदेशी खेळ

श्रोतेहो, ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार तुम्ही आम्ही रोज वापरतो. तलाठ्याने सात-बाऱ्यावर एखादे नाव इकडचे तिकडे लिहिले, सोसायटीच्या चिटणीसाने ठरावातला एक शब्द फिरवला, की लगेच आपण म्हणतो, “यानं ‘ध’चा ‘मा’ केला.” या दोन अक्षरांमागे एक खून आहे, हेही बहुतेकांना ठाऊक असते. आज मी तुम्हांला एका खेळाविषयी सांगणार आहे. खेळ परदेशी आहे, संगणकावरचा आहे, आणि त्यातही खून आहे, जुन्या पोथ्या आहेत, शाई आहे. पण तो खेळ मला नीट समजला तो या ‘ध’ आणि ‘मा’मुळेच, म्हणून सुरुवात घरच्या गोष्टीने केली.

मी भाईंदर पश्चिमेला राहतो. सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे आला होता. रात्री दहा-अकरापर्यंत संगणकासमोर बसलेला पाहून मी जरा रागानेच विचारले, “काय रे, कुणाला गोळ्या घालतोस?” तो म्हणाला, “नाही मामा, पोथी वाचतोय.” मला वाटले थट्टा करतोय. जवळ जाऊन पाहतो तो खरोखरच पोथी! पान उलटत होते, बोरूचा कागदावर होतो तसा करकर आवाज येत होता, आणि चित्रातली माणसे पानावरून चालत होती.

या खेळाचे नाव ‘पेंटिमेंट’. अमेरिकेतल्या ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या कंपनीने तो नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. जॉश सॉयर हे त्याचे दिग्दर्शक आणि हॅना केनेडी या कलादिग्दर्शिका. सॉयर यांचे शिक्षण इतिहासाचे, आणि ते खेळात पावलोपावली दिसते. कथा घडते जर्मनीच्या दक्षिणेस, बव्हेरियातल्या डोंगराळ मुलखात, टासिंग नावाच्या गावी. गाव काल्पनिक, पण काळ खरा : १५१८ ते १५४३. गावाजवळ एक ख्रिस्ती मठ आहे. मठात लेखनशाळा आहे, तिथे अजून हाताने पोथ्या लिहितात, रंगवितात. आंद्रेआस मालर नावाचा तरुण चित्रकार तिथे कामाला आलेला आहे. एक दिवस मठात आलेल्या एका सरदाराचा खून होतो. आळ येतो आंद्रेआसच्या वृद्ध स्नेह्यावर, एका साधूवर. त्याला वाचवायचे तर खरा खुनी शोधला पाहिजे. हे काम खेळणाऱ्याचे.

आता ‘पेंटिमेंट’ म्हणजे काय? चित्रकलेतला हा शब्द इटालियन भाषेतून आला. चित्रकाराने आधी एक हात काढला, मग त्याला पश्चात्ताप झाला, त्याने त्यावर रंग चढवून हात दुसरीकडे काढला. वर्षे लोटली, वरचा रंग विरळ झाला, आणि खालचा पहिला हात पुन्हा डोकावू लागला. त्या डोकावणाऱ्या खुणेला म्हणतात पेंटिमेंतो. मूळ अर्थच पश्चात्ताप.

आपल्याकडे पोथी लिहिताना चूक झाली तर काय करीत? हरताळ लावीत. हरताळ हे एक पिवळे खनिज. ते खलून त्याचा लेप चुकलेल्या अक्षरावर द्यायचा आणि वर बरोबर अक्षर लिहायचे. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग तिथून आला. जुनी पोथी हाती घेतलीत तर असे पिवळे ठिपके दिसतील. आणि कुठे कुठे लेप झडून खालचे चुकीचे अक्षर वर आलेले दिसेल. तेच ते पेंटिमेंतो. युरोपात पोथ्या कातड्यावर लिहीत. कातडे महाग, म्हणून जुने लिखाण खरवडून त्याच कातड्यावर नवे लिहिण्याची चाल होती. हा खेळ सुरू होतो तोच असा : पहिल्या पानावरचे लिखाण आपण स्वतःच्या हाताने घासून पुसायचे.

या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे अक्षरे. यात पात्रे तोंडाने बोलत नाहीत. त्यांचे बोलणे लिहून येते, आणि प्रत्येकाचे वळण निराळे. मठातले साधू बोलतात ते टोकदार, जाड, जुन्या धर्मग्रंथांच्या अक्षरांत. नवे शिक्षण घेतलेल्यांचे अक्षर सुबक, मोकळे. शेतकऱ्याचे ओबडधोबड. आणि छापखानेवाल्याचे बोलणे खिळे जुळवून छापल्यासारखे उमटते. बोलता बोलता चूक झाली तर ते अक्षर खोडून दुरुस्त होते. माणूस संतापला की शाईचे शिंतोडे उडतात. देवाचे नाव आले की तेवढी जागा कोरी राहते आणि मग ते नाव लाल शाईने भरले जाते. आपल्याकडेही ओवीचे आकडे आणि अध्यायाची समाप्ती हिंगुळाने तांबडी करीत, ते आठवा. एखादा अवघड शब्द आला तर चित्र मागे सरते, सबंध पान दिसते, आणि समासात त्या शब्दाचा अर्थ लिहिलेला असतो. आपल्या आजोबांच्या पोथीच्या समासात अशी टिपणे नसत का?

यात एक बारीक खुबी आहे, ती शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावी. हे अक्षराचे वळण त्या माणसाचे खरे शिक्षण सांगत नाही. आंद्रेआसला तो माणूस कसा वाटतो, ते सांगते. ज्याला अडाणी समजलो तो वाचणारा निघाला, की त्याचे अक्षर त्या क्षणी बदलते. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या बाबतीत असा बदल आपण किती वेळा केला असेल, देव जाणे.

मग खुनाचा शोध कसा लावायचा? धावपळ, मारामारी यात फारशी नाही. शोध लागतो जेवणाच्या पंगतीत! दुपारी कुणाच्या घरी जेवायचे ते तुम्ही ठरवायचे. विधवेच्या घरी गेलात तर तिची कहाणी कळेल, पण त्या वेळी दुसऱ्याच्या घरी काय बोलणे झाले ते कायमचे राहून गेले. दिवस मोजके. सगळ्यांकडे जाता येत नाही, सगळे पुरावे मिळत नाहीत. गावात कुणीतरी निनावी चिठ्ठ्या पाठवून माणसांना एकमेकांवर उठवीत असते, तेही हळूहळू लक्षात येते. आणि मग वरून धर्माधिकारी येतो. त्याला प्रकरण लवकर मिटवायचे आहे. तुम्ही ज्याचे नाव घ्याल, ज्याच्याविरुद्ध जास्त सांगाल, त्याचा जीव जातो. पडदा पडत नाही. सात वर्षांनी, १५२५ साली, जर्मनीत शेतकऱ्यांचे बंड पेटलेले असताना आंद्रेआस त्याच गावी परत येतो, आणि त्या मेलेल्या माणसाची आठवण गावात तशीच असते.

माझ्या भाच्याने घाई केली. गावात ओटिलिया नावाची एक म्हातारी विधवा आहे. तोंडाने फटकळ, मठावर आणि सरदारावर राग, कुणाशी पटत नाही. “मामा, हिचंच काम दिसतंय,” म्हणून त्याने तिचे नाव दिले. तिला मारले. दुसऱ्या दिवशी तो न्याहारीला गप्प होता. मी विचारले तर म्हणाला, “मामा, तिच्याविरुद्ध माझ्याकडे खरं म्हणजे काहीच नव्हतं. ती भांडकुदळ होती एवढंच.”

त्याचे ते वाक्य ऐकले आणि मला माझाच एक तास आठवला.

३० ऑगस्ट १७७३. पुण्याच्या शनिवारवाड्यात गारदी थकलेल्या पगाराचा ओरडा करीत शिरले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत आपल्या चुलत्यापाशी, वाड्यातच नजरकैदेत असलेल्या राघोबादादांपाशी गेले. तिथे त्यांचा खून झाला. सुमेरसिंग गारदी पुढारी. तुळाजी पवार हा खिजमतगार त्यात होता. इथवर इतिहास. आता आख्यायिका : राघोबादादांनी गारद्यांना लिहून दिले होते, नारायणरावांस ‘धरावे’, आनंदीबाईंनी ‘ध’ पुसून ‘मा’ केला, ‘मारावे’ झाले. ही गोष्ट मी वर्गात अनेक वर्षे रंगवून सांगत आलो. एका वर्षी वसईहून येणाऱ्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, ती चिठ्ठी कुठे ठेवली आहे? आम्हांला पाहता येईल का?”

श्रोतेहो, मला उत्तर देता आले नाही. ती चिठ्ठी आजवर कुणा संशोधकाच्या हाती लागलेली नाही. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, खुद्द आनंदीबाईंची पत्रे आहेत. पण ज्या एका कागदावरून बाईंना अडीचशे वर्षे खुनी ठरविले, तो कागद नाही. मी तर मुलांना तो जणू डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगत होतो.

याच्या उलट रामशास्त्री प्रभुण्यांचे पाहा. त्यांनी चौकशी केली आणि ठपका ठेवला तो राघोबादादांवर, म्हणजे त्या वेळी गादीवर बसलेल्या धन्यावर. मग त्यांनी पुणे सोडले. आता हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवा. चिठ्ठीची गोष्ट खरी धरली, तर राघोबादादा जवळजवळ सुटतात. ते बिचारे ‘धरा’ म्हणत होते, केले सगळे बायकोने. ही गोष्ट कुणी रचली ते मला सांगता येणार नाही. पण ती कुणाच्या सोयीची आहे, ते उघड दिसते. आनंदीबाई निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही. तेवढा पुरावा माझ्यापाशी तोही नाही. महत्त्वाकांक्षी होत्या, करारी होत्या, नवऱ्यापेक्षा हुशार होत्या असे लोक म्हणत. भांडकुदळ म्हातारीचे जे झाले ते आणखी कशाने झाले?

आणि हे प्रकरण पुण्यातच राहिले असे समजू नका. खुनानंतर बारभाई उठले, राघोबादादा पळाले आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेले. इंग्रजांनी संधी साधली. १७७४ च्या डिसेंबरात त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबांनी साष्टी आणि वसई त्यांना लिहून दिली. सालबाईच्या तहानंतर, म्हणजे १७८२ साली, वसई मराठ्यांकडे राहिली, पण साष्टी बेट इंग्रजांकडे गेले ते गेलेच. आमचे भाईंदर याच साष्टीत. मी राहतो तिथून खाडी जवळ आहे. पलीकडे वसई. चिमाजी आप्पांनी १७३९ साली एवढी माणसे खर्ची घालून हा मुलूख घेतला, आणि पस्तीस वर्षांत वाड्यातल्या एका खुनापायी खाडीच्या अलीकडचा काठ एकाचा आणि पलीकडचा दुसऱ्याचा झाला. लोकल खाडीच्या पुलावरून जाते तेव्हा मला हे हटकून आठवते. डब्यातल्या गर्दीत ते कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून इथे सांगितले.

असो. तुम्ही विचाराल, असे खेळ आपल्याकडे होतात का? होऊ लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. त्याची चित्रे पहाडी शैलीच्या लघुचित्रांवरून घेतलेली आहेत, आणि मधल्या कथा सावल्यांच्या बाहुल्यांसारख्या दाखविल्या आहेत. त्यात लढाया पुष्कळ आहेत, तो ‘पेंटिमेंट’सारखा शोधाचा खेळ नव्हे. पण आपल्याकडच्या चित्रांत गोष्ट सांगण्याचे बळ आहे, एवढे त्याने जगाला दाखविले.

शिक्षकांना या खेळासाठी संगणकच पाहिजे असे नाही. मी आता वर्गात काय करतो ते सांगतो. फळ्यावर मोडीत ‘धरावे’ लिहितो, शेजारी ‘मारावे’ लिहितो, आणि मुलांना म्हणतो, पहिल्याचे दुसरे करून दाखवा. किती खोडावे लागते? शाई कुठे पसरते? वाचणाऱ्याच्या ते लक्षात येईल की नाही? मोडी येत नसेल तर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. घरोघर जुनी खरेदीखते पडलेली असतात. त्यांतले एखादे वर्गात आणा. कुणी लिहिले, कोणत्या साली, साक्षी कुणाच्या, कुठे खाडाखोड आहे, एवढेच विचारा. मुले तासाची घंटा विसरतात. आणि कुणाच्या घरी जुन्या पोथ्यांचे गाठोडे असेल, तर ते नदीत सोडण्यापूर्वी जाणत्या माणसाला एकदा दाखवा. तिथे हरताळाखाली काय दडले असेल, सांगवत नाही.

भाच्याचा खेळ अजून चालू आहे. तो आता १५२५ सालात पोचला आहे, गावात दुसरा खून झाला आहे. काल त्याचा फोन आला तेव्हा मी विचारले, “काय रे, या खेपेला कुणाचं नाव दिलंस?” तो म्हणाला, “अजून कुणाचंच नाही, मामा. आज एका शेतकऱ्याच्या घरी जेवायला जायचंय.”