परदेशातला घटस्फोट भारतात चालतो का?

परदेशी कोर्टाचा कागद हाती पडला म्हणजे लग्न संपलेच असे नाही. आणि तो कागद खरा असला, तरी इथल्या कोर्टाची मोहोर लागेपर्यंत कित्येकांचा संसार अधांतरीच राहतो.

दुपारची वेळ. पोस्टमन एक जाड पाकीट देऊन जातो. वर अमेरिकेचे तिकीट. माहेरी राहणारी मुलगी धडधडत्या छातीने ते उघडते. व्हिसाचे कागद आले असतील, ही तिची आशा. आत असतो तिकडच्या कोर्टाचा हुकूमनामा. इंग्रजीतली चार पाने, खाली शिक्का. ‘तुमचा विवाह विसर्जित करण्यात आला आहे.’ ज्या कोर्टाची पायरीही तिने पाहिली नाही, त्याने तिचा संसार मोडून टाकलेला असतो.

वडील म्हणतात, ‘परदेशी कोर्टाचा निकाल आहे, आता काय करणार?’ शेजारी म्हणतात, ‘तिकडचा कागद इकडे चालत नाही, फाडून टाका.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. काही परदेशी घटस्फोट भारतात पूर्णपणे मान्य होतात, तर काहींना इथे कवडीची किंमत नसते. कोणता कशात बसतो, हे ठरवण्याचे नियम स्पष्ट आहेत आणि ते प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हवेत.

कायदा काय सांगतो?

आधार आहे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १३ चा. परदेशी न्यायालयाचा निकाल त्या दोन पक्षकारांपुरता अंतिम मानावा, असे हे कलम म्हणते. पण त्याला सहा अपवाद आहेत. निकाल देणाऱ्या कोर्टाला अधिकारच नसेल. निकाल प्रकरणाच्या गुणदोषांचा विचार करून दिलेला नसेल. आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावला असेल किंवा लागू असलेला भारतीय कायदा डावलला असेल. दुसऱ्या बाजूला म्हणणे मांडण्याची योग्य संधी मिळाली नसेल. निकाल फसवणुकीने मिळवला असेल. किंवा भारतातल्या एखाद्या कायद्याच्या भंगावर आधारलेला असेल, तर तो इथे बंधनकारक नाही.

वाचायला हे रूक्ष वाटते. पण या सहा ओळींनी कितीतरी बायकांना वाचवले आहे.

दोन खटले, दोन धडे

पहिला खटला पंजाबातला. १९५५ साली जालंधरला लग्न झाले, दोन मुले झाली. नवरा वनखात्यात अधिकारी. १९५९ मध्ये तो वनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेला आणि यूटा राज्यात शिकला. पाच वर्षे बायको मुलांना घेऊन भारतातच राहिली. १९६५ मध्ये तिने पोटगीसाठी अर्ज केला, तेव्हा नवऱ्याने सांगितले, ‘आमचा घटस्फोट डिसेंबर १९६४ मध्येच नेवाडा राज्यातल्या कोर्टाने केला आहे.’

नेवाडात त्या काळी सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट मिळत असे. नवऱ्याने तिथे कायम राहण्याचा इरादा असल्याचे कोर्टाला सांगितले होते. प्रत्यक्षात काम होताच तो तिथून निघून गेला. खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९७४ मध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला, की अधिकारक्षेत्राविषयी खोटे सांगून मिळवलेला हा घटस्फोट फसवणुकीचा आहे, तो भारतात मानता येणार नाही. नऊ वर्षांच्या झगड्यानंतर त्या बाईचा पत्नी म्हणून पोटगीचा हक्क शाबूत राहिला.

दुसरा खटला आंध्रातला. १९७५ मध्ये तिरुपतीला हिंदू पद्धतीने लग्न. तीन वर्षांत दोघे वेगळे झाले. नवऱ्याने अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, तिथे नव्वद दिवस राहत असल्याचे सांगून अर्ज केला. बायकोने इथूनच लेखी हरकत पाठवली, की मला तुमच्या कोर्टाचा अधिकार मान्य नाही. १९८० मध्ये तिच्या गैरहजेरीत घटस्फोट झाला. कारण दिले होते, विवाह सावरण्यापलीकडे मोडला आहे. पुढच्या वर्षी नवऱ्याने भारतात दुसरे लग्न केले आणि पहिल्या बायकोने त्याच्यावर द्विभार्येचा खटला भरला.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पुढे चालवण्याचा रस्ता मोकळा केला. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. आज देशभरातली न्यायालये परदेशी घटस्फोट याच निकालाच्या कसोटीवर घासून पाहतात.

कसोटी कोणती?

हा निकाल सांगतो, की ज्या कायद्याखाली लग्न झाले, त्याच कायद्याला मान्य असलेले कोर्ट आणि त्याच कायद्यातले कारण हवे. हिंदू पद्धतीने भारतात लग्न झाले असेल, तर कसोटी हिंदू विवाह कायद्याची. याला तीन सवलती दिल्या आहेत.

पहिली, ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जोडीदार त्या देशात कायमचा राहत असेल आणि घटस्फोटाचे कारण आपल्या विवाह कायद्यात बसणारे असेल. दुसरी, तो जोडीदार स्वखुशीने त्या कोर्टात हजर होऊन खरोखर लढला असेल आणि कारण आपल्या कायद्यातले असेल. तिसरी, त्याने घटस्फोटाला संमती दिली असेल.

यातली मेख कारणात आहे. परदेशात ‘आमचे पटत नाही, लग्न मोडले आहे’ एवढ्यावर घटस्फोट मिळतो. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता, परित्याग, व्यभिचार अशी कारणे आहेत. नुसते ‘लग्न मोडले’ हे कारण नाही. २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितले, की अशा कारणावर सर्वोच्च न्यायालय आपल्या विशेष अधिकारात घटस्फोट देऊ शकते. पण तो अधिकार इतर न्यायालयांना नाही.

पाकीट आले, आता काय?

सर्वांत आधी, नोटीस दुर्लक्षून चालणार नाही. पाकीट, त्यावरचा तारखेचा शिक्का, आलेले ईमेल, सारे जपून ठेवा. कुणाच्या सांगण्यावरून कोणत्याही कागदावर सही करू नका. एका सहीने ती संमती ठरू शकते. तिकडे वकील देऊन लढायचे की इथूनच हरकत नोंदवायची, हे जाणकार वकिलाला विचारून ठरवा. मिसूरीच्या खटल्यात बाईने पाठवलेली हरकत म्हणजे त्या कोर्टाला शरण जाणे नव्हे, असेच सर्वोच्च न्यायालयाने मानले. मात्र मुले किंवा मालमत्ता परदेशात असतील, तर तिथे गप्प राहणे महागात पडू शकते.

त्याचबरोबर इथे आपला अर्ज दाखल करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते, तिथल्या न्यायालयात तिला हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करता येतो. पोटगीचा मार्गही खुला असतो. पैसा नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते. राष्ट्रीय महिला आयोगातही अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे.

घटस्फोट खरा, पण इथे पटवायचा कसा?

आता नाण्याची दुसरी बाजू. दोघांनी समजुतीने लंडनला किंवा न्यू जर्सीला घटस्फोट घेतला. ती पुण्याला परतली, नवे स्थळ आले. मुलाकडचे विचारतात, ‘हा घटस्फोट इथे चालतो ना?’ पासपोर्टवरचे नवऱ्याचे नाव काढायला गेले, की आणखी प्रश्न. तिकडे ती घटस्फोटिता, इकडे मात्र कुणाच्या लेखी अजून विवाहिता!

परदेशी निकाल कलम १३ च्या कसोटीला उतरत असेल, तर प्रत्येक वेळी इथल्या कोर्टात जाण्याची सक्ती नाही. पण शंका राहू नये, पुढे कुणी बोट दाखवू नये, म्हणून कौटुंबिक न्यायालयातून तशी घोषणा करून घेणे शहाणपणाचे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात व्यक्तीचा वैवाहिक दर्जा घोषित करण्याचा अधिकार या न्यायालयाला दिला आहे. कौटुंबिक न्यायालय नसेल, तिथे दिवाणी न्यायालयात जावे लागते.

तयारी अशी करावी. हुकूमनाम्याची नुसती झेरॉक्स चालत नाही. मिसूरीच्या खटल्यात नवऱ्याचा डाव तिथेच फसला होता. त्या कोर्टाची प्रमाणित प्रत घ्यावी आणि ती नियमाप्रमाणे साक्षांकित करून आणावी. ज्या देशांत ‘अॅपोस्टिल’ची सोय आहे तिथे ते करून घ्यावे, पण भारतीय दूतावासाचे प्रमाणपत्रही लागेल का, हे वकिलाला आधी विचारावे. निकाल अंतिम झाल्याचा दाखला, लग्नाचे प्रमाणपत्र, त्या काळातल्या वास्तव्याचे पुरावे आणि दोघे तिथे हजर होते किंवा संमत होते हे दाखवणारे कागद जोडावेत. निकाल इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल, तर प्रमाणित भाषांतर हवे.

मग दावा दाखल होतो, दुसऱ्या बाजूला नोटीस जाते. तिने ‘मला मान्य आहे’ असे प्रतिज्ञापत्र दिले, तर काम पुष्कळ हलके होते. परदेशी असलेल्याच्या वतीने मुखत्यारपत्र चालेल का, साक्ष व्हिडिओवरून होईल का, हे न्यायालयाच्या परवानगीवर अवलंबून असते. घोषणेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, म्हणून ‘पुढे बघू’ म्हणत वर्षे घालवू नयेत.

आणि परदेशी निकाल कसोटीत बसतच नसेल तर? दोघे राजी असतील, तर इथेच परस्परसंमतीचा अर्ज करणे हाच सरळ मार्ग. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसऱ्या लग्नाची घाई नको

या सगळ्यात सर्वांत मोठा धोका असतो घाईचा. परदेशी घटस्फोट इथे अमान्य ठरला, तर पहिले लग्न कायम राहते आणि दुसरे रद्दबातल ठरते. वर द्विभार्येचा गुन्हा, ज्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या मुलीशी दुसरे लग्न लागते, तिचा तर यात काहीच दोष नसतो. पण बायकोचा दर्जा मात्र तिच्या हातून निसटतो.

म्हणून परदेशातले घटस्फोटित स्थळ आले, तर पगार आणि बंगला विचारण्याआधी हुकूमनाम्याची प्रत मागा. तो कोणत्या कोर्टाचा, कोणत्या कारणावर, पहिली बायको हजर होती का, हे वकिलाला दाखवून घ्या. यात संकोच कसला? पत्रिका जुळवताना आपण गोत्रापासून नाडीपर्यंत सारे तपासतो. हा एक कागदही तपासावा.

आणि ज्या मुलीच्या हाती ते जाड पाकीट पडले आहे, तिने एवढेच लक्षात ठेवावे. परदेशी कोर्टाने शिक्का मारला म्हणून तिचा हक्क संपत नाही. तिचे म्हणणे ऐकणारे न्यायालय तिच्या गावाजवळही आहे.